न हंसणारा विदूषक : बस्टर कीटन

इ. स. १९२६ च्या जुलै महिन्याची २३ तारीख. अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांत, कॉटेज ग्रोव्ह या गांवाजवळ, नदीच्या कांठीं हजारो लोक जमले होते. चित्रणासाठीं मुद्दाम बांधलेल्या लांकडी पुलाला आग लावण्यांत आली आणि त्या जळत्या पुलावर खरेंखुरें इंजिन सोडण्यांत आलें. पूल कडाडून कोसळला, इंजिन नदींत गेलें आणि वाफेचे लोट उसळले. हें दृश्य पुन्हां घेण्याची सोय नव्हती. साधलें तर एकदांच साधायचें होतें. त्याला ४२,००० डॉलर लागले असें सांगतात. हा डाव मांडणारा दिग्दर्शक तेव्हां अवघा तीस वर्षांचा होता. त्याचें नांव बस्टर कीटन.

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजीं कॅन्सस संस्थानांतील पिक्वा या खेड्यांत झाला. आईबाप गांवोगांव फिरून नाचगाणीं, नकला व कसरती करणाऱ्या व्हॉदव्हिल रंगभूमीवरचे कलावंत. पोर लहान असतांनाच तेंही खेळांत सामील झालें. बाप त्याला रंगभूमीवर उचलून भिरकावी आणि प्रेक्षक पोट धरधरून हंसत. मुलांच्या छळाला आळा घालणाऱ्या न्यूयॉर्कमधील संस्थेनें या खेळाला वारंवार हरकत घेतली. तथापि याच शाळेंत मुलाला दोन विद्या लाभल्या. इजा न होतां पडावें कसें, ही एक. आणि पडणारा स्वतः हंसला तर प्रेक्षक हंसत नाहींत, ही दुसरी. पुढें जगप्रसिद्ध झालेला त्याचा निर्विकार चेहरा येथेंच घडला.

१९१७ सालीं रॉस्को आर्बकल या लोकप्रिय विनोदी नटानें त्याला आपल्या चित्रपटांत घेतलें. नट म्हणून आलेल्या या तरुणाचें मन भूमिकेइतकेंच कॅमेऱ्यांतही गुंतलें. हें यंत्र काय करूं शकतें, हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें. १९२० पासून तो स्वतःचे लघुपट काढूं लागला. १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’ या चित्रपटांत चित्रगृहांतील यंत्रचालक स्वप्नांत समोरच्या पडद्यांतच शिरतो. तो बाकावर बसूं जातो तोंच दृश्य पालटतें आणि तो भर रस्त्यांत आदळतो. याच चित्रणाच्या वेळीं पाण्याच्या लोटाखालीं पडून त्याच्या मानेचें हाड मोडलें होतें; तें त्याला कळलें कित्येक वर्षांनीं, डॉक्टरांनीं क्ष-किरणांनीं तपासलें तेव्हां. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्यें घराची सबंध दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या उघड्या खिडकीच्या जागेंतून तो तेवढा बचावतो. भिंत खरी होती आणि चार बोटांची चूकही प्राणांवर बेतली असती.

कीटनची काम करण्याची रीत निराळी होती. कथेचा आरंभ आणि शेवट ठरला कीं मधला भाग चित्रण करतांकरतां सुचे. अडलें तर सर्व मंडळी बेसबॉल खेळूं लागत. युक्ति सुचली कीं पुन्हां काम सुरू. याच रीतीनें, १८६२ सालीं अमेरिकेच्या यादवी युद्धांत झालेल्या इंजिनाच्या पळवापळवीवर त्यानें क्लाइड ब्रकमनच्या साह्यानें ‘द जनरल’ हा चित्रपट रचला. नदींत गेलेलें इंजिन याच चित्रपटांतलें. दुर्दैवानें टीकाकार नाराज झाले आणि धंद्यांतही तो बसला.

१९२८ सालीं आपला निर्माता जोसेफ शेंक याच्या सल्ल्यानें कीटननें स्वतःचा कारखाना सोडून मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीशीं करार केला. आयुष्यांतील सर्वांत मोठी चूक हीच, असें तो पुढें म्हणे. बोलपटानें कीटनला बुडविलें, असा एक समज आहे. परंतु तो बरोबर नाहीं. त्याचा आवाज बोलपटाला चालण्यासारखा होता आणि त्याचे बोलपट पैसाही मिळवीत होते. गेलें तें निराळेंच. आतां संवाद आधीं लिहिलेले असत, खर्चाचा हिशेब आधीं मांडलेला असे आणि प्रत्येक युक्तीला वरिष्ठांची संमति लागे. पगार उत्तम होता. पण दिग्दर्शक उरला नव्हता, नट तेवढा उरला होता. त्यांतच संसार मोडला, मद्याचें व्यसन जडलें आणि १९३३ सालीं कंपनीनें त्याला काढून टाकलें. कांहीं वर्षांनीं त्याच कंपनींत तो इतर विनोदी नटांना युक्त्या सुचविण्याच्या किरकोळ नोकरीवर परत आला.

तरी कथा येथें संपत नाहीं. १९४० सालीं एलिनॉर नॉरिस हिच्याशीं विवाह झाल्यावर त्याचें जीवन पुन्हां मार्गीं लागलें. १९४९ सालीं जेम्स एजी या टीकाकारानें मूकपटांतील विनोदावर लिहिलेल्या लेखानें लोकांना त्याची आठवण करून दिली. १९५२ सालीं चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्यें तो चॅप्लिनबरोबर दिसला. १९६० सालीं त्याला सन्मानाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें आणि १९६५ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत प्रेक्षकांनीं उभें राहून टाळ्यांचा गजर केला. १ फेब्रुवारी १९६६ रोजीं त्याचें निधन झालें.

ऑरेगॉनच्या नदींत पडलेलें तें इंजिन दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत भंगार म्हणून उचलून नेण्यांत आलें. चित्रपटाचें मात्र तसें झालें नाहीं. १९८९ सालीं अमेरिकेंत राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांची पहिली यादी झाली, तेव्हां एके काळीं तोट्यांत गेलेल्या ‘द जनरल’चें नांव तींत होतें. हिशेबनिसांनीं जें खर्चाच्या बाजूला मांडलें होतें, तें काळानें जमेच्या बाजूला नेलें. पण कलावंताच्या हातून निसटलेलीं पंचवीस-तीस वर्षें काळालाही परत देतां आलीं नाहींत.