तिसऱ्या चाकाची शिकवण

भीमपूर हे नाव आपल्या गोव्यातल्या वाचकांच्या कानावरून गेलेले असण्याची शक्यता कमीच. आदिलाबाद जिल्ह्यातले हे गाव, पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ. १९४८पर्यंत इथे निजामाची राजवट होती, मग हैदराबाद राज्य आले, १९५६ला आंध्र प्रदेश, २०१४ला तेलंगण. कचेरीतली भाषा बदलली, तरी कित्येक घरांतली मराठी टिकून राहिली. अशाच एका घरात माझी मावशी राहते.

मावशीचे गुडघे गेलेले. मोटारसायकलवर मागे बसणे तिला जमत नाही, म्हणून मावसभावाने साईडकार लावलेली जुनी बुलेट घेतली. वीस वर्षे बुलेट चालवणारा माणूस, त्याला शिकायचे ते काय? पहिल्याच दिवशी डावीकडच्या वळणावर रिकामी साईडकार उचलली गेली, तो गोंधळला आणि गाडी सरळ रस्ता ओलांडून उजवीकडच्या कापसाच्या शेतात! समोरून काही येत नव्हते, आणि मावशी घरीच होती, हे नशीब.

साईडकार म्हटले की आपल्याला १९७५चा ‘शोले’ आठवतो. सुटून वेगळ्या वाटेने जाणारी आणि पुन्हा येऊन जुळणारी ती साईडकार! पण या वाहनाची जन्मकथाही मजेदारच. जानेवारी १९०३मध्ये एका इंग्रजी मोटारसायकल नियतकालिकात तिचे व्यंगचित्र छापून आले आणि त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये तिच्या पेटंटची पहिली नोंद झाली. पहिल्या महायुद्धात तिच्यावर मशीनगन चढली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि रशियन सैन्याने ती चिखला-बर्फातून पळवली. आपल्याकडे मात्र ती संसारी झाली. स्कूटरच्या पुढे उभा मुलगा, मागे बायको, बाजूच्या डब्यात आजी आणि भाजीची पिशवी!

पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. साईडकारला या गोष्टीचे महत्त्व आहे. डावीकडून चालणाऱ्या देशात ती गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या कडेला जोडतात. त्यामुळे गाडीचा तोल दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही.

मावसभावाला हे शिकवले गावाजवळच्या एका निवृत्त लष्करी चालकाने, बाजाराच्या मोकळ्या मैदानावर, चार सकाळी. पहिला धडा म्हणजे दुचाकी विसरणे. दुचाकी वळणावर कलते, ही कलत नाही. हँडल हातांनी जोर लावूनच वळवावे लागते. रेस दिली की साईडकार मागे ओढते आणि गाडी डावीकडे जाते. ब्रेक दाबला की तीच पुढे रेटते आणि गाडी उजवीकडे जाते. डाव्या वळणावर तिसरे चाक उचलू पाहते, म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि अंग डावीकडे झुकवायचे. चाक उचललेच तर घाबरून ब्रेक मारायचा नाही, हळूच रेस सोडून हँडल थोडे सैल करायचे. साईडकार रिकामी असेल तर तिच्यात वाळूचे पोते ठेवायचे. मग संथ वेगात आधी उजवे गोल, मग डावे, शेवटी इंग्रजी आठचा आकडा. गुरुजींचे एकच पालुपद होते, “गाडीला घाई नाही, तुम्हालाच आहे.”

मी पडलो सरकारी कारकून, त्यामुळे नियम चाळल्याशिवाय चैन पडेना. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी, एक जादा चाक असलेली साईडकार धरलेली आहे. म्हणजे गिअरच्या मोटारसायकलचा परवाना खिशात असला की कागद पूर्ण. दोन चाकांवर परीक्षा दिलेला माणूस तीन चाकांवर बसतो, आणि कायद्याला त्यात काही वावगे दिसत नाही. माझा सगळा जन्म कागद पूर्ण करण्यात गेला, पण कागद पूर्ण झाला म्हणजे माणूस तयार झाला असे नव्हे, हे मला त्या मैदानावर कळले.

पाचव्या दिवशी पोते उतरवले आणि त्या जागी मावशी बसली, डोक्याला हेल्मेट, मांडीवर तपासणीच्या कागदांची पिशवी. डावे वळण आले तेव्हा मी मागच्या सीटवर श्वास रोखून होतो. तिसरे चाक जमिनीवरच राहिले. मावशी मात्र म्हणाली, “अरे, इतकं हळू चालवतोस, डॉक्टर जेवायला निघून जातील!”