पडद्यांवाचून वीणा

वाद्याची दांडी हाताच्या कामावरून घडते, हे मिरजेच्या सतारमेकरांच्या शेजारामुळे आपल्या सीमाभागातील संगीतप्रेमींस नव्याने सांगावयास नको. सतारीचे पडदे उंच व कमानदार, कारण तार बाजूस ओढून मींड घ्यावयाची असते. तंबोऱ्यावर सूर दाबावयाचाच नसल्याने त्यास पडदेच नाहीत.

हाच न्याय अमेरिकेतील एका गिटारीस लागू पडतो. १९२७च्या सुमारास, विजेवर चालणारी गिटार रूढ होण्यापूर्वी, आवाज वाढविण्यासाठी गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ शंकू बसविण्यात आला. तिच्या दोन जाती झाल्या. गोल दांडीची गिटार छातीशी धरतात; डाव्या हाताची मूठ दांडीभोवती वळते आणि बोटे तार दाबतात. चौकोनी दांडीची मांडीवर उताणी ठेवतात. तिच्या तारा इतक्या उंच, की बोटाने पडद्यापर्यंत दाबता येत नाहीत. त्यांवरून पोलादी कांडी फिरते आणि पडदे केवळ खुणेपुरते उरतात. मूठ वळावयाची नसल्याने दांडी जाड राहिली तरी अडत नाही, उलट तारांचा ताण ती अधिक सोसते.

दक्षिणेत हा भेद याहून टोकाचा आहे, आणि त्यात एक मराठी नाव गुंतलेले आहे. सरस्वती वीणेस मेणात बसविलेले २४ पडदे असतात. तिचेच भावंड गोट्टुवाद्यम्, म्हणजे आजची चित्रवीणा. तीस पडदा एकही नाही. वाद्य जमिनीवर आडवे, उजव्या हाताने छेड, डाव्या हातात गुळगुळीत कांडी. सुराची जागा दाखविणारा पडदा नाही. सारा भरवसा कानावर. असे अवघड वाद्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मैफलीत प्रतिष्ठेस नेले ते कुंभकोणम्‌जवळील तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव या महाराष्ट्रीय वादकाने. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली संपले, पण तेथे स्थायिक झालेली कुळे परतली नाहीत. आपल्यासारख्यांस याचे नवल वाटू नये.

पुढे कर्नाटक गायनात अग्रणी ठरलेले शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर (१९०८–२००३) बालवयात या सखाराम रावांकडे शिकले. गायकाने कांडीच्या वादकाकडे शिकावे हे मला तरी स्वाभाविक वाटते. अखंड सरकणारा सूर हा मुळात गळ्याचाच धर्म. दक्षिणेत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. आपल्या किती घरांत ते ठाऊक आहे? त्यांचे वादन पुढे चालविले बुदलूर कृष्णमूर्ती शास्त्री यांनी. शिष्य तमिळ मुलखातला आणि गुरूचे नाव सखाराम.