गोबी मासे : घरगुती मत्स्यालयातील जोडी आणि बीळ

गोबी हा तळाशी राहणाऱ्या, बहुधा बोटभर लांबीच्या माशांचा मोठा गट आहे. त्यात सुमारे २,००० जाती असून बहुतेक समुद्रात व खाड्यांत, तर थोड्या गोड्या पाण्यात आढळतात. पोटाखालचे दोन पर जुळून झालेली वाटी ही त्यांची ठळक खूण. तिच्या जोरावर मासा दगडाला, मत्स्यालयात काचेलाही, चिकटून बसतो. कोकणातली निवटी याच गटातली. धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, पण गोबी आहे. पश्चिमेची सीना भीमेला मिळते, तेरणा व मांजरा गोदावरीच्या खोऱ्यातल्या. या दोन्ही खोऱ्यांत खरपा हा गोड्या पाण्यातला गोबी सापडतो. त्याचे शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस गिउरिस.

खरपा टाकीत ठेवता येतो, मात्र तो लांब बोगदे खणणारा मासा नव्हे. वाळूत अंग रुतवून, डोळे तेवढे वर ठेवून तो भक्ष्याची वाट पाहतो. जवळ आलेला झिंगा किंवा लहान मासा एका झेपेत गिळतो. त्यामुळे छोट्या माशांबरोबर त्याला ठेवणे म्हणजे त्यांना चारा करणेच होय. लपायला त्याला दगडाखालची पोकळी पुरते. एकाच टाकीत दोन मोठे खरपे सोडले तर जागेवरून तंटा होतो.

जोडी आणि बीळ यांचे खरे नाते समुद्री गोबींत दिसते. अ‍ॅम्ब्लिएलिओट्रिस व क्रिप्टोसेंट्रस या प्रजातींतील मासे अल्फियस प्रजातीच्या कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. अशी भागीदारी करणाऱ्या गोबींच्या शंभराहून अधिक जाती आहेत. कोळंबीची नजर अधू असते. नांगीने वाळू व खडे ढकलत ती दिवसभर बीळ दुरुस्त करते आणि बाहेर येताना, आंधळ्याने वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवावा तशी, आपली मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी थरथरवतो. कोळंबी आत सरकते. धोका जवळ आला की मासाही डोके पुढे करून बिळात घुसतो. संशोधक इलान कार्प्लस यांनी तांबड्या समुद्रातील अशा जोड्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. सांज होताच दोघे आत जातात व बिळाचे तोंड वाळूने बुजते. सकाळी ते पुन्हा उघडले जाते. हा क्रम टाकीतही दिसतो, म्हणून दिवे रोज ठरल्या वेळी लावावेत व मालवावेत.

व्हॅलेन्सिएनिया प्रजातीचे गोबी कोळंबीवाचून स्वतःच खणतात. वाळू तोंडात घेऊन त्यातले बारीक जीव खातात आणि उरलेली कल्ल्यांवाटे सोडतात. यांच्यात नर-मादी दीर्घकाळ एकत्र राहतात. व्हॅलेन्सिएनिया लाँगिपिनिसमध्ये नर बिळात अंडी राखतो, तर मादी बाहेर प्रवाळाचे तुकडे रचून बिळावर ढिगारा उभारते. तो ढिगारा केवळ आडोसा नसतो. त्याच्यामुळे बिळातून पाणी खेळते व अंड्यांना प्राणवायू मिळतो. निवटीच्या जवळच्या काही जातींत तर नर तोंडात हवा भरून ती अंड्यांच्या कोठीत नेऊन सोडतो.

दोन मासे एका टाकीत असले म्हणजे जोडी झाली असे नव्हे. विक्रेता जोडी म्हणून देतो ते पुष्कळदा एकाच पिशवीतून आलेले दोन मासे असतात. खरी जोडी एकाच बिळात शिरते, एक खात असताना दुसरा पहारा देतो, आणि तिसरा मासा आला तर दोघे मिळून त्याला हुसकावतात. जबडा वासून समोरासमोर उभे राहणे, फाटलेले पर, एकाने सतत टाकीच्या कोपऱ्यात वर राहणे ही जोडी न जमल्याची लक्षणे. नर-मादी ओळखण्यासाठी गुदद्वारामागचा जननांकुर पाहतात : नरात तो निमुळता व लांबट, मादीत आखूड व बोथट. प्रवाळात राहणाऱ्या गोबिओडॉन प्रजातीत मासे दोन्ही दिशांनी लिंग बदलू शकतात, तेथे दोन लहान मासे एकत्र ठेवणे पुरते.

बिळासाठी ८ ते १० सेंटिमीटर वाळू लागते. नुसत्या बारीक वाळूचा बोगदा ढासळतो. तीत शिंपल्यांचे व प्रवाळाचे तुकडे मिसळलेले हवेत. मोठे दगड आधी तळाच्या काचेवर ठेवून मग वाळू घालावी, नाहीतर खालून पोखरले जाऊन ते माशावर कोसळतात. बीळ अनेकदा काचेला लागून खणले जाते. तेवढ्या भागावर बाहेरून काळा कागद लावून ठेवला आणि पाहताना हळूच उचलला, तर आतला व्यवहार दिसतो. गोबी उडी मारतात, म्हणून वर जाळी हवीच.

धाराशिवसारख्या कोरड्या हवेच्या भागात खरी अडचण उन्हाळ्याची. समुद्री टाकीचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस राखावे लागते आणि बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. पाण्यावर पंखा सोडल्यास ते चांगले थंड होते, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते. पण पाणी उडते, मीठ उरते. घट भरताना खारे पाणी न घालता आरओचे गोडे पाणी घालावे. बोअरचे जड पाणी समुद्री टाकीला वापरू नये. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंपही जवळ असावा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

निरीक्षणाच्या नोंदवहीत वेळ, खणणारा कोण, पहारेकरी कोण आणि बिळाची किती तोंडे उघडी आहेत एवढे टिपले तरी पुरेसे असते. एखादा मासा काही दिवस दिसेनासा झाला तर वाळू उकरू नये. तो बहुधा अंड्यांवर बसलेला नर असतो, आणि त्रास झाल्यास तो अंडी टाकून देतो किंवा खाऊन टाकतो.