कांडीतला वळू दिसत नाही

सीबीडी बेलापूरहून आम्ही बचत गटांच्या समन्वयक बोलतोय. आज गोठ्याचा थोडा इतिहास सांगणार आहोत.

आमच्या एका गटातल्या ताईंनी गटाच्या कर्जातून गावठी कालवड घेतली होती. अंगाने बेताची. माजावर आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, मोठ्या जातीची कांडी भरा, दूध जास्त मिळेल. पहिल्याच वेताला कालवड अडली. वासरू मोठं, वाट अरुंद. डॉक्टर येईपर्यंत वासरू गेलं. कालवड कशीबशी वाचली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

तेव्हापासून आम्ही विचारत होतो, आपल्या आज्यांच्या काळी काय होतं?

आज बेलापुरात कोकण भवन आणि मोठमोठी ऑफिसं दिसतात. १९७० साली सिडको स्थापन झाली, त्याआधी इथल्या आग्रोळी, शहाबाजसारख्या गावांतून भातशेती होती. कोकणातली गुरं लहान चणीची, चिखलात नांगर ओढणारी, डोंगरावर चरणारी. त्यांनाच आता ‘कोकण कपिला’ या जातीचं नाव मिळालं आहे. गावचा वळूही त्याच चणीचा. पहिल्या वेतात जोखीम तेव्हाही होती, पण वळू केवढा आहे हे बाईला डोळ्यांनी दिसायचं.

मग कृत्रिम रेतन आलं. भारतात त्याची सुरुवात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत झाली. आपल्याकडे पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळीचं काम ज्यांच्यावर सोपवलं, तेच हे मणिभाई. गरिबाच्या दारातली गाय जास्त दूध देणारी व्हावी, हा त्यांचा ध्यास. जर्सी आणि होल्स्टीनच्या कांड्या घेऊन माणसं शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागली. कितीतरी घरांना त्या दुधाने हात दिला, हे आम्ही विसरत नाही.

पण जर्सी आणि होल्स्टीन, म्हणजे आपण जिला एचएफ म्हणतो ती, सारख्या नाहीत. जर्सीचं वासरू जन्मताना साधारण २५ किलोचं, एचएफचं ४० किलोच्या आसपास. म्हणून लहान गायींना आणि डोंगराळ भागात जर्सी, चारापाणी भरपूर तिथे एचएफ, असा सल्ला जाणकार देत आले. कांडी मात्र दोघांची सारखीच बारीक. तिच्यावरून वळूचा आकार कळत नाही.

मग लहान गाय मोठ्या वळूचं वासरू पेलते तरी कशी? याचं उत्तर इंग्लंडमध्ये केंब्रिजला मिळालं. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी अवाढव्य शायर घोडा आणि छोटं शेटलंड तट्टू यांचा संकर केला, तोही कृत्रिम रेतनाने. तट्टाच्या पोटी आलेलं शिंगरू लहानच जन्मलं. शायर घोडीच्या पोटचं त्याच्या जवळपास तिप्पट होतं. म्हणजे आईचं पोटच पिल्लाच्या वाढीला लगाम घालतं. पुढे १९५८ साली जूबर्ट आणि हॅमंड यांनी साउथ डेव्हन ही मोठी आणि डेक्स्टर ही छोटी गाय घेऊन तसाच प्रयोग छापला. तिथेही लगाम दिसला, पण घोड्यांइतका घट्ट नाही. गायीत बापाचा आकार बराच उतरतो. आणि कालवडीचं तर स्वतःचंच हाड अजून वाढत असतं. म्हणून मोठी झालेली गाय जे निभावते, ते पहिलटकरणीला निभेलच असं नाही.

सख्यांनो, कुठली कांडी भरायची हे बहुतेकदा पुरुष ठरवतात. रात्री कंदील धरून गोठ्यात आपण बसतो. म्हणून विचारायचं आपणच.

कांडी कुठल्या जातीची? या वळूची वासरं सुखरूप जन्मतात का? कालवड मोठ्या गायीच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश झाली का? नसेल तर एक माज जाऊ द्या. आपल्याच जातीची किंवा जर्सीची कांडी मागा. पाडीच होण्यासाठीची कांडी मिळत असेल तर तीही विचारा. पाडी सहसा गोऱ्ह्यापेक्षा थोडी हलकी असते.

भरवल्याची तारीख आणि जात गटाच्या वहीत लिहा. तिथून साधारण नऊ महिने नऊ दिवस मोजा आणि डॉक्टरांचा नंबर आधीच हाताशी ठेवा. पाणमोट फुटल्यावर तासाभरात काही पुढे सरकलं नाही, तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. चार गडी लावून वासरू ओढू नका.

त्या ताईंची कालवड पुन्हा गाभण आहे. या वेळी जातीचं नाव त्यांनी स्वतः विचारलं आणि वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं.