सतरा सप्टेंबरला स्वामीजी कुठे होते?

सप्टेंबर उजाडला की केदारखेड्यापासून उमरग्यापर्यंत मराठवाड्यातल्या शाळांमध्ये स्वामी रामानंद तीर्थांची चरित्रे लिहून घेतली जातात. पाच-सहा पानांची वही, पहिल्या पानावर चिकटवलेले चित्र, शेवटच्या पानावर तिरंगा. त्यांत एक विधान हमखास असते: स्वामीजींच्या नेतृत्वाखाली १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. विधान चुकीचे नाही, पण ते वाचून पोरांच्या डोळ्यांसमोर मोर्चाच्या अग्रभागी चालणारे स्वामीजी उभे राहतात. त्या सप्टेंबरात भारतीय फौजा १३ तारखेला हैदराबाद संस्थानात शिरल्या तेव्हा स्वामीजी तुरुंगात होते. २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पकडले होते आणि सुटका झाली ती निजामाने शरणागती पत्करली त्या दिवशी, १७ सप्टेंबरला. शेवटच्या निर्णायक पावणेआठ महिन्यांत चळवळीचा अध्यक्ष गजाआड होता.

हे कशावरून म्हणायचे? सगळ्यांत जवळचा पुरावा त्यांच्याच आठवणींचा. त्या इंग्रजीत १९६७ मध्ये छापल्या गेल्या, म्हणजे घटनेनंतर जवळपास वीस वर्षांनी. अटक आणि सुटकेच्या तारखा माणूस सहसा विसरत नाही. त्या बाबतीत हे पुस्तक भरवशाचे. पक्षांतर्गत भांडणांबाबत मात्र ते जपून वाचावे लागते. चळवळ चालवणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी बुर्गुल रामकृष्ण राव आणि स्वामीजी एकमेकांसमोर उभे ठाकले होते. मवाळ गट आणि लढाऊ गट यांच्यातली ही ओढाताण स्वामीजी सांगतात तेव्हा ते साक्षीदारही असतात आणि पक्षकारही.

म्हणून शेजारी आणखी पुस्तके ठेवायची. व्ही. पी. मेनन (१९५६) दिल्लीच्या संस्थान खात्याच्या खुर्चीतून लिहितात. कन्हैयालाल मुनशी (१९५७) १९४८ मध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेतच होते. निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी आपली बाजू १९६२ मध्ये पाकिस्तानातून मांडली. शिवाय भारत सरकारची १९४८ ची श्वेतपत्रिका आहेच, पण ती सप्टेंबरातल्या लष्करी कारवाईच्या आधीची, दिल्लीची बाजू जगापुढे मांडण्यासाठी काढलेली. विरुद्ध टोकांच्या लेखकांत ज्या गोष्टी जुळतात त्या निर्धास्त घ्याव्यात. जिथे जुळत नाहीत तिथे कोण काय म्हणतो ते नावानिशी लिहावे. दहावीच्या मुलाला हे नक्की जमते. त्याला तसे कुणी सांगत नाही, एवढेच.

स्वामीजी आत असताना बाहेर कोण होते, हा पुढचा प्रश्न. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून लढा चालवत होते. सरहद्दीवर कॅम्प होते, तिथून करोडगिरीची नाकी आणि पोलीस चौक्या यांवर हल्ले होत. जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका या नकाशात काठावरच येतो: उत्तरेला खानदेश आणि वऱ्हाड, म्हणजे ब्रिटिश मुलूख आणि पुढे स्वतंत्र भारत. गावोगावच्या या लढ्यासाठी अनंत भालेराव यांच्या १९८७ च्या ग्रंथाला मराठवाड्यात पर्याय नाही. हैदराबाद शहरापुरते न पाहता ते जिल्ह्याजिल्ह्यांतली माणसे पाहतात. जालन्यातला मामा चौक ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हुतात्मा जनार्दन मामा अशाच फळीतले.

छापील पुस्तके संपली की दप्तरे, आणि तिथे जालनेकराची पहिली फसगत होते ती जिल्ह्याच्या नावाने. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. निजामाच्या काळात जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड हे औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणीत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले. संस्थानातल्या मराठी भागाची ती पहिली मोठी राजकीय सभा. तिचे कागद शोधायचे तर औरंगाबादचे रुमाल (दप्तराचे गठ्ठे) चाळून हाती काही लागणार नाही, परभणीचे काढावे लागतील. संस्थानच्या वरिष्ठ कचेऱ्यांचे दप्तर हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला, तोवरचा वरचा कारभार तिकडचाच.

दुसरी अडचण सालाची. निजामाच्या कचेऱ्या फसली सन लिहीत आणि त्यांचे वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली ७ सप्टेंबर १९३८ ला. सत्याग्रह सुरू झाला २४ ऑक्टोबरला आणि तीन दिवसांनी स्वामीजींना अटक झाली. आपल्या लेखी हे सगळे एका सालातले, दीड-दोन महिन्यांतले. दप्तरात मात्र बंदी १३४७ फसलीत आणि सत्याग्रह १३४८ फसलीत. एकच रुमाल पाहून उठलेल्या माणसाला हुकूम सापडेल, अटक सापडणार नाही. बरे, २०२३ पासून ‘निजामकालीन नोंद’ हा शब्द जालना जिल्ह्यात घरोघर झाला आहे. कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. त्याच माणसांना शाळेने एक दिवस बोलावले तर वाईट काय?

गावातल्या गावात मिळणारा पुरावा म्हणजे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची फाईल. तुरुंगाचा दाखला किंवा सोबत्याचे प्रतिज्ञापत्र तिच्यात असते. दाखला भक्कम, प्रतिज्ञापत्र तपासून घ्यावे. बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे इतकी झाली की चौकशीसाठी पालकर आयोग नेमावा लागला.

वहीतले शेवटचे पान तिरंग्याचे असते, पण कागदपत्रे त्या दिवशी थांबत नाहीत. कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी आधी केलेले जुलूम आणि त्यानंतरचे हे सूडसत्र, दोन्ही एकाच वर्षातले. सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला आणि आकड्यावर वाद आजही आहे. आकडा समितीचा आहे असे सांगून लिहावा, पण पान गाळू नये.

त्यापुढचा काळ तर सर्वांत सोपा. १९५२ ला गुलबर्गा आणि १९५७ ला औरंगाबाद येथून स्वामीजी लोकसभेवर गेले. सभागृहातले त्यांचे शब्द छापील इतिवृत्तात तारीखवार नोंदलेले आहेत. ना उर्दूची अडचण, ना फसली सनाची. निजामाशी लढलेला संन्यासी निवडून आल्यावर सभागृहात काय बोलत होता, हे आठवणींच्या पुस्तकापेक्षा तिथे जास्त खात्रीने कळते, आणि त्यासाठी तारनाक्यालाही जावे लागत नाही.