राख, माती आणि कुंभार

संस्कृतीचा इतिहास लिहितांना इतिहासकार शिलालेख वाचतात, ताम्रपट तपासतात, नाणीं मोजतात. परंतु ज्या भिंतींत शिलालेख बसविलेला असतो त्या भिंतीची वीट कोणी पाडली, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक वीट हा मनुष्याच्या हातचा अत्यंत जुना आणि तितकाच बोलका लेख आहे. तिच्यावर बोटें उमटलेलीं असतात, तिच्या पोटांत तुसाचे ठसे राहिलेले असतात, आणि भट्टींत तिला किती आंच लागली हें तिचा रंगच सांगतो. नागपूरच्या उत्तरेस कन्हान आणि कोलार या नद्यांच्या खोऱ्यांत खापरखेडा हें गांव आहे. गांवाच्या नांवांत 'खापर' आहे खरें. पण व्युत्पत्तीच्या खेळांत शिरण्याचा आमचा विचार नाहीं. आज त्या गांवाची प्रसिद्धि खापरांमुळें नव्हे, तर तेथील औष्णिक विद्युत्केंद्रामुळें आहे. त्या केंद्राची राख आणि अशा टापूंतील कुंभाराचा साचा यांची गांठ गेल्या पाव शतकांत सरकारी हुकुमानें कशी पडली, आणि त्या गांठीचा काच कोणाच्या हाताला बसला, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

या प्रदेशांत विटेचा धंदा कांहीं कालपरवांचा नाहीं. वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन झालें, त्यांत प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष हातीं लागले. रामटेकजवळ मनसर येथें विसाव्या शतकाच्या अखेरीस जें उत्खनन सुरू झालें, त्यांत वाकाटककालीन विटांच्या भव्य वास्तू उजेडांत आल्या. त्या काळची वीट आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांबीची, रुंद आणि पातळ असे. वाकाटक राजांचे ताम्रपट वाचून त्यांच्या वंशावळी आम्ही मुखोद्गत केल्या. पण एवढी मोठी वीट न तडकतां वाळविणारा आणि गाभ्यापर्यंत भाजणारा जो कारागीर होता, त्याची विद्या कोणत्याहि ताम्रपटांत नाहीं. ती हातांतून हातांत आली. म्हणूनच ती विद्या आहे, याचा सुशिक्षितांना सहज विसर पडतो.

ही विद्या म्हणजे काय, हें थोडें तपशिलानें सांगितलें पाहिजे. विदर्भाची काळी माती कापसाला जितकी मानवते तितकी विटेला मानवत नाहीं. ओली असतां ती फुगते, वाळतांना आक्रसते, आणि नुसत्या काळ्या मातीची वीट उन्हांत ठेवली तर भट्टींत जाण्यापूर्वींच भेगाळते. म्हणून कुंभार नदीकांठची गाळाची माती तींत मिसळतो. धानाचें तूस, कोळशाची भुकटी, आणि आपल्याच भट्टींतील राख घालतो. तुसानें मातीचा चिवटपणा मोडतो, आणि विटेच्या पोटांतच थोडें जळण राहिल्यामुळें ती आंतूनहि भाजते. माती किती, तूस किती, पाणी किती, याचें माप पुस्तकांत नसतें. तें पायाला कळतें. चिखल तुडवितांना पायाखालीं तो कसा सरकतो यावरून जाणता कारागीर त्यांत काय कमी आहे हें ओळखतो. भट्टी उतरल्यावर खंगर झालेल्या, बरोबर भाजलेल्या आणि कच्च्या राहिलेल्या अशा विटा वेगळ्या काढल्या म्हणजे त्या वर्षीची परीक्षा संपते.

या धंद्याला वेळेचें बंधन मोठें कडक आहे. पावसाळा संपून जमीन वाळली म्हणजे काम सुरू होतें, आणि पुढचा पाऊस पडण्यापूर्वीं तें आटोपावें लागतें. एवढ्या सात-आठ महिन्यांत वर्षाची भाकरी मिळवावयाची असते. पहाटेपूर्वीं चिखल तयार करावा, उन्हें चढण्याच्या आंत विटा पाडाव्या, दुसऱ्या दिवशीं त्या उलटाव्या, वाळल्या म्हणजे रचाव्या, भट्टी लावावी, आंच राखावी. आणि मध्येंच अवकाळी पावसाची एक सर आली तर कच्च्या विटांचा पुन्हा चिखल झालेला पाहावा. विटा पाडणाऱ्याची मजुरी हजार विटांमागें ठरते. दिवस कितीहि लांबला तरी हजार पुरे झाले नाहींत तर मजुरी पुरी होत नाहीं. तेव्हां कामांत जी नवी पायरी वाढेल, ती कोणाच्या तरी झोपेंतून किंवा कोणाच्या तरी भाकरींतून निघते, हा या धंद्याचा साधा हिशेब आहे. पुढें जें सांगावयाचें आहे तें समजण्यासाठीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

आतां राखेकडे वळूं. खापरखेड्यास पहिलें वीजघर विसाव्या शतकाच्या मध्यास उभें राहिलें. आजचें केंद्र त्यानंतरचें. त्याचे २१० मेगावॅटचे चार संच १९८९ ते २००१ या काळांत सुरू झाले, आणि ५०० मेगावॅटचा पांचवा संच २०११-१२ च्या सुमारास त्यांत मिळाला. एकंदर शक्ति १,३४० मेगावॅट झाली. आपल्या देशांतील दगडी कोळशांत राखेचा अंश फार. शंभर टन कोळसा जाळला तर तीस-चाळीस टन राख उरावी, असें त्याचें सर्वसाधारण मान आहे. कोळसा पिठासारखा दळून भट्टींत फुंकतात, त्यामुळें बहुतेक राख धुराबरोबर वर उडूं पाहते. तिला विद्युद्भारित पट्ट्यांच्या साहाय्यानें धुरांतून वेचून काढतात. उरलेली पाण्यांत कालवून नळानें तळ्यांत सोडतात. वारेगांवचें राखेचें तळें असेंच भरलें. शेजारच्या कोराडी केंद्राच्या खसाळा येथील तळ्याचा बांध १६ जुलै २०२२ रोजीं फुटला, तेव्हां ही साठविलेली राख म्हणजे काय संकट आहे याचा प्रत्यय सर्वांस आला.

या राखेचा उपयोग होतो, हें शास्त्र खोटें नाहीं. नेपल्सजवळच्या पोत्सुओली गांवची ज्वालामुखीची राख चुन्यांत मिसळली असतां तो चुना पाण्याखालीं देखील घट्ट होतो, हें प्राचीन रोमन लोकांना माहीत होतें. दगडी कोळशाच्या राखेंत तोच गुण आहे, हें कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दाखविलें. पुढें अमेरिकेंतील हंग्री हॉर्स धरणाच्या आणि आपल्याकडील रिहंद धरणाच्या काँक्रीटांत ही राख वापरली गेली. काळ्या मातींत ती प्रमाणांत मिसळली तर वीट कमी आक्रसते आणि कमी तडकते, हेंहि खरें आहे. म्हणजे कुंभार तुसानें आणि भट्टीच्या राखेनें जें साधीत आला, तेंच शास्त्रानें दुसऱ्या वाटेनें येऊन सांगितलें. दोघांची भेट झाली असती तर ती आनंदाची झाली असती. पण भेट झाली ती निराळ्या रीतीनें.

१४ सप्टेंबर १९९९ रोजीं केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयानें एक अधिसूचना काढली. कोळशाच्या विद्युत्केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आंत जो कोणी मातीच्या विटा किंवा कौलें करील, त्यानें मातींत वजनानें निदान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, असा तिचा आदेश होता. शेतीची वरची सुपीक माती वांचावी आणि राखेचे ढीग कमी व्हावे, हा हेतु निःसंशय चांगला होता. राख फुकट मिळावयाची होती. २००३ सालीं ५० किलोमीटरांचे १०० झाले, आणि नागपूर जिल्ह्यांतील बहुतेक भट्ट्या त्या वर्तुळांत आल्या.

कागदावर २५ टक्के हा एक आंकडा आहे. भट्टीवर तें एक नवें काम आहे. राख फुकट असली तरी गाडी फुकट नसते. तळ्यांतील राख आणावी तर तिच्यांत पाणी किती मुरलें आहे याचा भरंवसा नाहीं. त्यामुळें वजनाचें प्रमाण दररोज बदलतें. पट्ट्यांवरून वेचलेली कोरडी राख आणावी तर ती वाऱ्यावर उडते, डोळ्यांत आणि छातींत जाते, झांकून आणावी लागते आणि भिजवून ठेवावी लागते. तिचे कण कांचेसारखे गुळगुळीत आणि अतिसूक्ष्म. मातीशीं ते आपण होऊन एकजीव होत नाहींत. पायानें तुडविणाऱ्यानें अधिक वेळ तुडवावें, नाहीं तर मातीची गोळी एकीकडे आणि राखेचा पदर दुसरीकडे राहून वीट त्याच रेषेंत फुटते. माती मुळांतच हलकी असेल तर चौथा हिस्सा राखेनें चिखल सैल होतो आणि साच्यांतून काढतांना कोपरे गळतात; माती भारी असेल तर तेवढीच राख तिला हितकर ठरते. राखेंत न जळालेला कोळसा कमीजास्त असतो, म्हणून भट्टीचें जळणहि दर खेपेस नव्यानें अजमावावें लागतें. एवढें करून वीट बाहेर आली म्हणजे तिचा रंग थोडा फिका दिसतो, आणि गिऱ्हाईक ती हातांत घेऊन, दुसऱ्या विटेवर वाजवून, भाव पाडून मागतें. या साऱ्या खटाटोपांत जो वेळ गेला, त्याचा हजारामागें मजुरी ठरविणाऱ्या हिशेबांत कोठेंच उल्लेख नाहीं.

आमचा आक्षेप राखेवर नाहीं; आदेशांतील एकाच मापावर आहे. प्रत्येक गांवची माती वेगळी, हें कुंभाराचें पहिलें ज्ञान. अधिसूचनेनें सर्व मातींना एकच माप लाविलें. पन्नास किलोमीटरांचें वर्तुळ काढणाऱ्याला राखेचें वजन माहीत होतें, पण चिखल तुडविणाऱ्या पायांचे तास त्याच्या गणितांत नव्हते. शिवाय राख उत्पन्न केली वीजघरानें, वीज वापरली शहरानें, आणि राख संपविण्याची सक्ति झाली कुंभारावर. ज्याच्या घरीं संध्याकाळीं दिवा जातो-येतो, त्यानेंच दिव्याची काजळी पुसावी, असा हा न्याय झाला.

येथें दुसरी बाजू मांडणें अवश्य आहे. वीटभट्टी कांहीं पुण्याश्रम नव्हे. तिच्यासाठीं सुपीक मातीचे थर खरवडले जातात. तिचा धूर शेजारच्या पिकावर बसतो. आणि पुष्कळ भट्ट्यांवर उचल घेऊन परगांवाहून आलेलीं कुटुंबें हंगामभर त्या उचलीलाच बांधलेलीं असतात. भट्टीचा मालक आणि विटा पाडणारा हे दोघे एक नव्हेत. मालकाच्या तक्रारींत मजुराची तक्रार नेहमीं येतेच असें नाहीं. तेव्हां सुधारणा नको, असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. पण सुधारणेचा खर्च खालीं खालीं सरकत जाऊन अखेर साच्यापाशीं बसलेल्या माणसावर येऊन थांबतो, हेंच या गोष्टींतलें दुखणें आहे.

कायद्याचा पुढला इतिहास पाहिला तर हें दुखणें सरकारलाहि हळूहळू उमगलेलें दिसतें. २००९ च्या अधिसूचनेनें कोरड्या राखेचा निदान पांचवा हिस्सा विटा-ठोकळे करणाऱ्यांसाठीं फुकट राखून ठेविला. २०१६ सालीं १०० किलोमीटरपर्यंत राख पोंचविण्याचा खर्च विद्युत्केंद्रानें सोसावा असें ठरलें. आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनें मुख्य भार जेथला तेथें नेऊन ठेविला: राख पूर्णपणें मार्गीं लावणें हें केंद्राचें कर्तव्य, आणि न लागलेल्या राखेसाठीं टनामागें १,००० रुपयांची भरपाई. राख कोणाची, या साध्या प्रश्नाचें नीट उत्तर मिळण्यास बावीस वर्षें लागलीं. त्या बावीस वर्षांत किती हंगाम गेले हें सहज मोजतां येईल.

इतक्यांत दुसरीं यंत्रें दाराशीं आलीं आहेत. विशाखापट्टणचे भानुमतीदास व कालिदास या संशोधक दांपत्यानें राख, चुना आणि जिप्सम यांची न भाजतां घट्ट होणारी वीट प्रचारांत आणली. तिला भट्टी नको, सुपीक माती नको. २०२२ च्या फेब्रुवारींत निघालेल्या नियमांनीं भट्ट्यांना नागमोडी आंचेची पद्धति स्वीकारण्यास सांगितलें. तीत कोळसा वांचतो आणि धूर कमी होतो. दोन्ही गोष्टी स्तुत्य. पण दोहोंना भांडवल लागतें. दाबयंत्र, वीजजोडणी, उंच धुराडें हीं ज्याला परवडतील तो कारखानदार होईल. ज्याला परवडणार नाहींत तो त्या कारखान्यांत मजूर होईल, आणि त्याच्या पायांना कळणारी विद्या तेथें कोणी विचारणार नाहीं.

नागपुरास हा अनुभव अगदींच नवा नाहीं. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें सुरू झाली. कोष्ट्यांचे हाल झाले नाहींत असें कोण म्हणेल? परंतु त्यांनीं हातसुताचा हट्ट सोडून गिरणीचें सूत घेतलें, आणि त्यावर आपल्या मागाचे रेशीमकांठ चढवून लुगडीं विणलीं. यंत्राचें किती घ्यावें आणि हाताचें किती ठेवावें, याचा निर्णय मागावर बसलेल्यानें आपल्या अनुभवानें केला. म्हणून तो धंदा पुढें कितीतरी वर्षें तगला. कुंभाराला राखेच्या बाबतींत हा निर्णय करूं दिला असता तर? कोणत्या मातीला किती राख सोसते हें त्याच्याच भट्टीवर, त्याच्या मजुरीची भरपाई करून, दोन हंगाम पाहिलें असतें, तर एका आंकड्याच्या जागीं गांवोगांवचीं दहा मापें मिळालीं असतीं, आणि तीं पाळण्यास अधिकाऱ्याची गरजहि पडली नसती.

अजून वेळ गेलेली नाहीं. अभियांत्रिकी महाविद्यालयें नागपुरांत आहेत, राख खापरखेड्यास आहे, आणि माती जाणणारे हात त्यांच्या मध्यें आहेत. प्रयोगशाळेनें भट्टीवर यावें, आणि नव्या पद्धतीची किंमत लिहितांना तिच्यांत श्रमाचे तासहि लिहावे, एवढेंच आमचें मागणें आहे. मनसरची वीट दीड हजार वर्षें टिकली. ती टिकविणारी विद्या आपल्या हयातींत केवळ हिशेबाच्या चुकीनें बुडावी, हें आम्हां शिकलेल्यांना शोभणारें नाहीं.