सास्तूर, भूकंप आणि लघवीची नळी

१/ ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून तेरणेच्या खोऱ्यातली गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. सास्तूर (तेव्हा उमरगा, आता लोहारा तालुका) हे सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक. या भूकंपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा त्यातल्या अशा एका गोष्टीविषयी आहे, जिचा उच्चार चारचौघांत होत नाही.

२/ मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती आणि वर माळवदाचा भार, अशी त्या भागातली घरे. उन्हाळ्यात थंडावा देणारी तीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकडा ७,९२८ मृत व सुमारे १६,००० जखमी असा आहे. ‘जखमी’ हा शब्द मात्र फार सैल आहे. पंधरा दिवसांत उठून शेतावर गेलेला आणि मणका मोडून कायमचा अंथरुणाला खिळलेला, दोघेही त्या एकाच आकड्यात सामावतात.

३/ मज्जारज्जू दुखावला की पायांबरोबर मूत्राशयही मेंदूच्या ताब्यातून सुटते. ते भरल्याची जाणीव राहत नाही आणि रिकामे करण्याची शक्तीही उरत नाही. तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, मागोमाग जंतुसंसर्ग. पहिल्या महायुद्धात अधरांगवायू झालेले बहुसंख्य सैनिक मूळ जखमेने नव्हे, तर या संसर्गाने आणि पाठीवरच्या शय्याव्रणांनी दगावले. हे चित्र पालटले ते १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी स्वतंत्र विभाग सुरू केल्यावर. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे आणि मूत्राशय निगुतीने रिकामे करणे, हे त्यांचे मुख्य आग्रह. त्यांत चमत्कार काहीच नव्हता. होती ती शुश्रूषा, तीही रात्रंदिवस.

४/ नळीचा प्रश्न त्याआधीच बराचसा सुटला होता. अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात टोकाशी फुगा असलेली रबरी नळी तयार केली. नळी आत गेली की फुग्यात पाणी भरायचे, म्हणजे ती निसटत नाही. आजही दवाखान्यात ‘फोलीज’ मागितली की हीच मिळते.

५/ परंतु रुग्ण घरी आल्यावर काय? साधी रबरी नळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते. सिलिकॉनची फार तर बारा आठवडे चालते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. क्षार साचून नळी बंद पडते. फुगा रिकामा न करता ओढली तर मूत्रमार्ग फाटतो. इजा छातीच्या वरच्या भागात वा मानेत असेल, तर तुंबलेल्या नळीने रक्तदाब इतका चढतो की डोके फुटेल असे दुखते, घाम फुटतो. तिथे रात्र काढण्याची सवड नसते. महिन्याला एक असा हिशेब धरला, तर तीस वर्षांत ३६० वेळा नळी बदलावी लागते. ती कोणी बदलायची?

६/ १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी वेगळी वाट दाखवली. नळी कायम आत ठेवू नये. साबणाने हात धुऊन रुग्णाने स्वतःच दिवसातून काही वेळा ती घालावी आणि काढावी. निर्जंतुक खोलीची गरज नाही, स्वच्छता पुरे. पद्धत स्वस्त आणि उत्तम. तिला लागते मुबलक पाणी, थोडा आडोसा आणि पहिल्यांदा हाताला धरून शिकवणारे कोणीतरी. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांत, त्यातही बाईमाणसाला, आडोसा ही किती महाग वस्तू असेल!

७/ सैनिकांसाठी महाराष्ट्रात अशी सोय होती. खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ चे. (गुटमन यांच्या १९४८ च्या क्रीडास्पर्धेतूनच पुढे पॅरालिंपिक आले. १९७२ मध्ये तिथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जखमी झालेले जवान.) शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र बायको, आई किंवा सून, एवढीच परिचारिका.

८/ घरी येणाऱ्या परिचारिकेची कल्पना जुनी आहे. लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन यांनी ती १८५९ मध्ये रुजवली. भोर समितीने १९४६ मध्ये ४०,००० लोकसंख्येमागे चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका सुचवल्या. प्रत्यक्षात गावात पोहोचल्या त्या नर्सबाई. बाळंतपण, लसीकरण आणि कुटुंबनियोजन यांतच त्यांचा दिवस संपे. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून, तर याच जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने, गावातल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. अणदूरच्या कार्यकर्त्या ‘भारतवैद्य’ म्हणून ओळखल्या जातात. खुद्द सास्तुरात भूकंपानंतर ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. मात्र ज्याला उठताच येत नाही, त्याला गावातले रुग्णालयही लांबच.

९/ योगायोग असा की, भूकंपाच्याच वर्षी, १९९३ मध्ये, कोझिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. पुढे केरळात परिचारिका आणि स्वयंसेवक घरोघर जाऊ लागले. नळी बदलणे, व्रण धुणे, घरच्यांना शिकवणे, ही त्यांची नेहमीची कामे. २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या. तिथे नळी हा पंचायतीच्या कारभाराचा विषय झाला.

१०/ देशपातळीवर पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने उपकेंद्राच्या कामांत वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी धरली, त्यासाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आणले. भूकंपात विशीत असलेला माणूस त्या वर्षी पंचेचाळिशीच्या आसपास पोहोचला होता.